ङचं चित्र

वेंगुर्ल्याच्या आमच्या शाळेत भिंतीवर अक्षरांचा तक्ता होता. क कमळाचा, ग गणपतीचा, घ घराचा, आणि मग ङ. ङच्या चौकटीत चित्र नव्हतं, नुसतं अक्षर. बाईंची छडी तिथे आली की सगळा वर्ग नाकातून एक हुंकार द्यायचा आणि च चमच्याकडे वळायचा. पुढे ‘वाङ्मय’ या शब्दात ते अक्षर भेटलं, पण तिथेही मधे अडकलेलं. ङने सुरू होणारा शब्द जगात कुठे असेल, असं मला कधी वाटलं नव्हतं.

तो शब्द मला चौतिसाव्या वर्षी मिळाला, एका बल्क कॅरिअरच्या, म्हणजे मोकळा माल नेणाऱ्या जहाजाच्या, इंजिन रूममध्ये. मी थर्ड इंजिनीअर होतो, बारा ते चारची वॉच, म्हणजे पाळी. माझ्याबरोबरचा ऑइलर, म्हणजे इंजिन रूममधला खलाशी, फिलिपिन्सचा. मी प्युरिफायर बंद करायला सांगितला, तेव्हा तो स्वतःशीच पुटपुटला, ‘ङानो मान?’ आणि लगेच माझ्याकडे बघून इंग्रजीत म्हणाला, ‘व्हाय, सर?’

ङानो म्हणजे ‘का’. ङालान म्हणजे नाव. ङिपोन म्हणजे दात. त्या वॉचला मी लॉगबुकच्या मागच्या कोऱ्या पानावर हे तीन शब्द देवनागरीत लिहिले. रोमन लिपीत या ध्वनीला दोन अक्षरं जोडून लिहावी लागतात आणि परका माणूस ती ‘न्ग’ अशी फोडून वाचतो. माझ्याकडे तो एका अक्षरात तयार होता, पहिलीपासून. फक्त कधी वापरला नव्हता.

कोणती भाषा ही, असं विचारल्यावर ऑइलर हसून म्हणाला, ‘डायलेक्ट लांग, सर.’ नुसती बोली आहे, सर. हे वाक्य मला आतपर्यंत लागलं, कारण ते माझंच होतं. मी मालवणी बोलणाऱ्या घरातला. पुण्याला डिप्लोमाला गेलो तेव्हा ‘घरी कसं बोलता?’ या प्रश्नाला मी असंच उत्तर द्यायचो, की असंच आपलं गावाकडचं. त्या जहाजावर बाराजण ज्याला ‘बोली’ म्हणत होते, त्यातल्या एकट्या सेबुआनो या भाषेला मातृभाषा म्हणणारे दोन कोटींच्या घरात आहेत.

तिथल्या भाषांचं कोडं सुटायला मला दोन काँट्रॅक्ट लागली. फिलिपिन्सच्या मधल्या बेटांना विसायास म्हणतात. सेबू, बोहोल, लेयते, सामार, पानाय, नेग्रोस ही त्यातली मोठी. तिथल्या आणि दक्षिणेकडच्या मिंदानावच्या मोठ्या भागातल्या भाषांचं हे एक कुटुंब आहे, पंचवीसेक भाषांचं. सेबुआनो सगळ्यात मोठी, तिचे लोक तिला नुसतं ‘बिसाया’ म्हणतात. इलोइलोकडची हिलिगायनोन, जिला सगळे इलोंगो म्हणतात. सामार आणि लेयतेची वाराय. पानायच्या आन्तिके प्रांतातली किनाराय-आ. आक्लानची आक्लानोन. खाली दक्षिणेला सुलूच्या मुसलमान समाजाची ताउसुग, तीसुद्धा याच कुटुंबातली. आर. डेव्हिड झोर्क हा अमेरिकन तरुण पीस कोअर या अमेरिकी स्वयंसेवक संस्थेतून आक्लानला गेला, तिथली भाषा शिकला आणि पुढे या साऱ्या भाषांची तुलना करून त्यांचे पाच गट पाडले. १९७७ मध्ये छापलेलं ते काम आजही पायाभूत मानलं जातं.

आमच्या मेसमध्ये मात्र या भाषांचा तक्ता जिवंत बसलेला असायचा. पक्ष्याला बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, ‘लांगगाम’ म्हणायचा, कारण तो सेबूचा. इलोंगो कूक म्हणायचा ‘पिसपिस’, वाराय फिटर म्हणायचा ‘तामसी’. मनिलाकडच्या तागालोग बोलणाऱ्या कॅडेटला लांगगाम म्हणजे मुंगी! ‘नाही’ला सेबुआनो आणि इलोंगोत वाला, किनाराय-आत वारा, आणि फिटरच्या भाषेत वाराय. म्हणजे ‘नाही’ हा शब्दच त्या भाषेचं नाव झाला.

माझी पहिली साधनं म्हणजे ही माणसं आणि त्यांचे शब्द मी टिपत गेलो ती वही. नंतर पुस्तकं आली. हवाई विद्यापीठाने १९७१ च्या सुमारास फिलिपिन्सच्या भाषांची एक मालिका काढली होती, तिच्यातले सेबुआनोचे धडे मला झेरॉक्सवर मिळाले. मग सेबू बेटावरच्या बालांबानला एक जहाज गोदीत गेलं, तेव्हा तिथल्या एका सुपरवायझरने मला पेन ड्राइव्हवर जॉन वुल्फ यांचा कोश दिला. कॉर्नेल विद्यापीठाने १९७२ मध्ये दोन खंडांत काढलेला हा सेबुआनो-इंग्रजी कोश आता प्रोजेक्ट गुटेनबर्गवर कुणालाही फुकट मिळतो. त्यातली उदाहरणवाक्यं बाजारातली, होडीवरची, भांडणातली वाटतात.

पण तो कोश सहज वापरता येत नाही. पहिल्या रात्री मी ‘काओन’, म्हणजे खाणे, हा शब्द शोधला, तो सापडेना. कारण वुल्फ यांनी फक्त तीन स्वर घेतले आहेत, आ, इ आणि उ. मूळ सेबुआनोला तेवढ्यात भागतं. ओ आणि ए हे वेगळे म्हणून लिहायची सवय स्पॅनिश लिपीबरोबर आली, म्हणून एकच शब्द एकजण उ घालून लिहितो, दुसरा ओ घालून, आणि दोघंही बरोबर असतात. काओन कोशात ‘काउन’ म्हणून बसला होता. दुसरी अडचण मोठी. शब्द त्याच्या मूळ धातूखाली असतो आणि धातू ओळखायला आधीचे, मागचे, मधले सगळे प्रत्यय सोलून काढावे लागतात. ‘गिपाङिता’ म्हणजे शोधलं. त्यातला गि काढा, पाङ काढा, तर मागे उरतो ‘इता’, आणि तोही चुकीचा, कारण क हा ङमध्ये विरघळलेला असतो. मूळ धातू ‘किता’, पाहणे. शाळेत संधी सोडवताना जगत् अधिक नाथ जगन्नाथ करणाऱ्या माणसाला हे ओळखीचं वाटतं. तरी कोश उघडायला आधी अर्धी भाषा यावी लागते, हे खरंच.

त्या हवाईच्या धड्यांमध्ये सर्वनामांचं एक पान होतं. तिथे लिहिलं होतं की ‘आय’च्या अनेकवचनाला दोन शब्द आहेत. कामी, ज्यात ऐकणारा नाही. किता (वरच्या ‘पाहणे’हून वेगळा शब्द), ज्यात ऐकणारा धरलेला आहे. आणि मग अर्धं पान समजावणं, बाणाबाणांच्या आकृत्या. इंग्रजी वाचकाला ते लागतंच, त्याच्याकडे एकच शब्द आहे. मी त्या आकृत्यांच्या कडेला दोन शब्द लिहिले, आम्ही आणि आपण, आणि पान उलटलं.

उलटलं, आणि पुन्हा मागे आलो. कारण मला पहिल्या जहाजावरची गोष्ट आठवली. रात्री चारला वॉच संपली की ही मंडळी मेसमध्ये भात आणि सुकी मासळी घेऊन बसायची. मी दारावरून गेलो की कुणीतरी म्हणायचं, ‘वी ईट, सर.’ मी ‘येस, येस, कॅरी ऑन’ म्हणून केबिनमध्ये जायचो. मला वाटायचं, ते मला सांगताहेत की आम्ही जेवतोय. बोसन हिशेब देतोय असं समजून मी कित्येक आठवडे मान हलवत राहिलो. ते म्हणत होते ‘माङाओन ता, सर.’ ता म्हणजे कितातलं आखूड रूप. आपण जेवू या. जेवताना दारात माणूस दिसला की त्याला हे म्हणायचंच, अशी तिथली रीत आहे, आमच्याकडे ‘या जेवूक’ म्हणतात तशीच. त्यांनी ते इंग्रजीत नेलं तेव्हा आपणचा आम्ही झाला, आणि मी बोलावणं असून दारातून परत गेलो.

ते पान वाचल्यावर दुसऱ्या दिवशी चार वाजता मी मेसमध्ये गेलो आणि कुणी काही म्हणायच्या आत ‘माङाओन ता’ म्हणून ताट घेऊन बसलो. कूकने सुकी मासळी पुढे सरकवली. तिला ते बुलाद म्हणतात. चवीला आमच्या सुक्या बांगड्याची सख्खी बहीण.

त्यानंतर मी शिकायची पद्धत बदलली. इंग्रजीतून समजावलेलं आधी मराठीशी लावून बघायचं. आणि दारं उघडत गेली.

सेबुआनोत नकाराचे तीन शब्द आहेत. एखादी गोष्ट नसली किंवा झाली नसली तर वाला. एखादी गोष्ट अमुक नव्हे, किंवा मी अमुक करणार नाही, असं असेल तर दिली. करू नकोस म्हणायचं असेल तर आयाव. पुस्तकात यावर दोन धडे आहेत. नाही, नव्हे, नको हे तीन शब्द घेऊन आलेल्या माणसाला निम्मी वाट आधीच चाललेली असते. जोडी तंतोतंत जमत नाही, आपल्या ‘येणार नाही’ला तिकडे दिली लागतं. पण नकाराला एकच शब्द पुरत नाही, हे मराठी माणसाला पटवावं लागत नाही.

क्रियापदं ही या भाषांची कीर्ती आणि शिकणाऱ्याची दमछाक. ‘मिकाओन सिया ओग इस्दा’ म्हणजे त्याने मासे खाल्ले, कुठलेतरी. ‘गिकाओन निया आंग इस्दा’ म्हणजे तो मासा त्याने खाल्ला. दुसऱ्या वाक्यात क्रियापद माशाकडे वळलेलं आहे, खाणारा बाजूला सरकून ‘त्याने’ झाला आहे. याला इंग्रजी व्याकरणकारांनी काय काय नावं दिली, पॅसिव्ह म्हटलं, फोकस म्हटलं, व्हॉइस म्हटलं. मला रामाने आंबा खाल्ला, सीतेने चिंच खाल्ली, हे दिसलं. कर्मणी प्रयोग! क्रियापद कर्त्याचं ऐकत नाही, हे आपण दहाव्या वर्षी स्वीकारलेलं असतं. बिसाया त्याच्याही पुढे जाते. पालित म्हणजे विकत घेणे. मोपालित म्हटलं की घेणारा पुढे येतो, पालितोन म्हटलं की घ्यायची वस्तू, पालितान म्हटलं की ज्याच्यासाठी किंवा जिथून घ्यायचं ते, इपालित म्हटलं की ज्या पैशाने घ्यायचं ते. एक वाक्य सोडून पुढच्या वाक्यात गेलं की रंगमंचावरचा दिवा दुसऱ्या पात्रावर जावा, तसं. यातलं पहिलं पाऊल मराठीने दिलं, बाकीची मी अजून टाकतो आहे.

आणि ते छोटे शब्द! कुनो म्हणजे म्हणे. ‘मोआबोत कुनो सिया’, तो येणार म्हणे. इंग्रजीत याला ‘असं सांगितलं जातं’ असं अख्खं वाक्य लागतं, आणि त्यातलं ते खांदा उडवणं तर येतच नाही. दियाय म्हणजे आपलं ‘अस्सं होय’. लागी म्हणजे ‘आहे की’ मधला ठासून सांगणारा की. कुआन म्हणजे शब्द आठवत नसताना येणारं ‘ते हे’. पत्ता विचारला, माहीत नसला, तर ‘आंबोत’. त्यात खांदे, भुवया आणि ओठ तिन्ही येतात. रस्त्यात भेटल्यावर ‘आसा का पादुलोङ?’ कुठे चाललास? आणि उत्तर ‘दिहा रा’, तिथेच. माझ्या आजीच्या ‘खंय चललंस?’ला कुणी खरा पत्ता दिला असता तर तिलाच नवल वाटलं असतं.

ही शिकायची साधनं कुणी कशासाठी केली, हे बघण्यासारखं आहे. पहिली शब्दयादी १५२१ ची. मॅगेलनच्या तांड्याबरोबर आलेल्या इटालियन अंतोनियो पिगाफेत्ताने सेबूमध्ये सुमारे एकशेसाठ शब्द टिपले. नाक, डोळे, दात, एक ते दहा आकडे, आणि सोनं, चांदी, लवंग, दालचिनी, मिरी. पाहुणा काय शोधायला आला होता, हे त्या यादीत दिसतं. त्याच एप्रिलच्या २७ तारखेला सेबूजवळच्या माक्तान बेटाच्या किनाऱ्यावर तिथल्या लापुलापू या सरदाराच्या माणसांनी मॅगेलनला मारलं. त्यानंतर आले पाद्री. आलोन्सो दे मेन्त्रिदा यांचा पानायच्या भाषांचा कोश १६३७ चा. आपल्याकडे फादर स्टीफन्स यांचं कोंकणीचं व्याकरण गोव्यात रायतूरला १६४० मध्ये छापलं गेलं, म्हणजे दोन किनाऱ्यांवर जवळजवळ एकाच वेळी एकाच कामाला माणसं बसली होती. त्यांना लोकांना धर्म शिकवायचा होता आणि त्यांचे कबुलीजबाब ऐकायचे होते. त्या काळाच्या खुणा दोन्हीकडे उरल्या. बिसाया लोक चावीला यावी म्हणतात, पावाला पान, काजूला कासोय, बुटांना सापातोस, आणि आमच्याकडे पायात सपाता असतात. त्यांचं स्पॅनिश, आपलं पोर्तुगीज. त्याच्याही आधीचं काही आहे. देवतेला दिवाता, ठेव्याला बाहान्दी, जे संस्कृत भाण्डपासून आलं. आणि वाचणे म्हणजे बासा, ज्याच्या मुळाशी आपलीच वाचा आहे. वाट मलयमधून गेली, पण घर तेच.

यंत्रांचंही असंच. मे २०१३ मध्ये गूगल ट्रान्सलेटने एकाच दिवशी पाच भाषा घेतल्या, आणि त्यात सेबुआनो आणि मराठी दोन्ही होत्या. त्या दिवशी मी ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याबाहेर नांगरावर होतो. ही बातमी मी बोसनला दाखवली, तेव्हा तो एवढंच म्हणाला, ‘डायलेक्टसुद्धा घेतली?’ २०२४ मध्ये हिलिगायनोन आणि वारायही आल्या. इंग्रजीला मधे घालून चालणाऱ्या यंत्रात मात्र कितामधला ऐकणारा वाटेतच उतरतो आणि मराठीत ‘आम्ही’ उरतं. जे मेसच्या दारात माझं झालं, ते.

विकिपीडियाची गोष्ट मला अधिक बोचते. लेखांच्या संख्येत सेबुआनो विकिपीडिया जगात दुसरा आहे, साठ लाखांच्या वर लेख. आपला मराठी एक लाखाच्या आसपास. पण ते साठ लाख जवळजवळ सगळे एका संगणक प्रोग्रामने लिहिलेले आहेत, स्वीडनच्या स्वेर्केर योहान्सोन यांच्या बॉटने. त्यांची पत्नी फिलिपिनो आहे आणि हेतू प्रेमाचाच आहे. पण ते लेख डोंगर, ओढे आणि कीटकांच्या ठरीव वाक्यांचे आहेत. त्यात कुनो नाही, लागी नाही, दियाय नाही. उद्या कुणी यंत्राला हेच वाचायला देऊन बिसाया शिकवली, तर ते यंत्र ओढ्याची उंची सांगेल आणि जेवायला बोलावणार नाही. याच्याबद्दल मला मनापासून काळजी वाटते, कारण मराठीचंही असं होऊ शकतं.

शाळेचं तर झालंच. १९३७ मध्ये तागालोगला राष्ट्रभाषेचा पाया ठरवलं, आणि बिसाया मुलं वर्गात बहुतेक काळ दुसऱ्याच भाषेत शिकत आली. २०१२ मध्ये बारा मातृभाषांमधून बालवर्ग ते तिसरीचं शिक्षण सुरू झालं, पुढच्या वर्षी आणखी सात आल्या, त्यात किनाराय-आ होती. माझ्याबरोबरच्या आन्तिकेच्या एका दुसऱ्या ऑइलरची मुलगी त्याच सुमारास शाळेत गेली. तिच्या पुस्तकाच्या पानाचा फोटो त्याने आम्हा सगळ्यांना फिरवून दाखवला. त्याच्या भाषेत छापलेलं पाठ्यपुस्तक तो आयुष्यात पहिल्यांदा बघत होता. ऑक्टोबर २०२४ मध्ये ती सक्ती कायद्याने काढून टाकली. मी फोन केला तेव्हा तो म्हणाला, ‘आंबोत, सर.’ पुढे काही बोलला नाही.

मी आता किनाऱ्यावर आहे. गेल्या वर्षी शेजारच्यांची मुलगी मिंदानावमधल्या दावाओला मेडिकलला गेली. महाराष्ट्रातली बरीच मुलं जातात. अभ्यास इंग्रजीत असतो, पण दावाओच्या वॉर्डात रुग्ण बिसाया बोलतो. जायच्या आधी ती माझ्याकडे आली. तिच्या फोनमध्ये तीन ॲप होती, तिन्ही ‘गुड मॉर्निंग’ आणि ‘स्टेशन कुठे आहे’ शिकवणारी. दावाओत रेल्वे नाही.

मी तिला जुनी वही काढून दिली. आधी आम्ही-आपण. मग नाही-नव्हे-नको. मग दुखण्याचं पान, जे मी कधीतरी एका जळालेल्या हाताच्या निमित्ताने लिहिलं होतं. इंग्रजीत सगळ्याला ‘पेन’. बिसायात जखम चुरचुरते, झोंबते तेव्हा हापदोस. डोकं ठणकतं तेव्हा लाबाद. दात आंबतात, कानशिलं शिवशिवतात तेव्हा ङिलो. आपल्याकडे कळ वेगळी, चमक वेगळी, ठणका वेगळा, हुळहुळ वेगळी. तिच्या पुस्तकातल्या एका ते दहाच्या मापावर हे बसत नाही, पण आजी डॉक्टरला सांगते ते हेच असतं. ती म्हणाली, ‘काका, हे देवनागरीत का लिहिलंय?’ मी म्हटलं, ‘मोठ्याने वाच.’

चार महिन्यांनी रात्री तिचा मेसेज आला. वॉर्डात एक आजी होत्या, पाय सुजलेला. सीनियर विचारत होता, दुखतं का, किती दुखतं, आणि आजी एकच शब्द परत परत म्हणत होत्या. तो तिला वहीत सापडला नव्हता. तिने ऐकून आपला आपण लिहिला होता, खाली मराठी अर्थासकट:

ङुतङुत – आतून ठणकतंय, थांबत नाही.